लोकलच्या स्टेशनांसाठी एकच घड्याळ: काटे ठेवू की आकडे?

नळस्टॉप_पेन्सिल

नमस्कार मंडळी. डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी विषय घेतलाय: पुणे–लोणावळा लोकलच्या सगळ्या स्टेशनांवर लावता येईल असं एकच प्रमाण घड्याळ. शिवाजीनगर, खडकी, दापोडीपासून पार मळवलीपर्यंत तीच तबकडी, तेच काटे, तोच खांब.

अभ्यास म्हणून अर्थातच स्वित्झर्लंडपासून सुरुवात केली. हान्स हिल्फिकर हा तिथल्या रेल्वेतला इंजिनिअर. त्याने १९४४ मध्ये आकडेच नसलेली तबकडी केली. पांढऱ्यावर काळ्या जाड रेघा, बस्स. तांबडा सेकंद काटा १९५३ मध्ये आला. त्याच्या टोकाची गोल चकती गाडी सोडताना हातात धरतात त्या इशाऱ्याच्या चकतीवरून घेतलेली आहे. ब्रिटनमध्येही नेटवर्क रेलने (रूळ आणि मोठी स्टेशनं सांभाळणारी तिथली कंपनी) स्पर्धा भरवून नवं प्रमाण घड्याळ करून घेतलंय. म्हणजे विषय जुनापुराणा नाही, एवढं तरी गाइडना पटलं.

माझं ड्रॉइंग असं आहे: ६० सेंटीमीटरची पांढरी तबकडी, कड पिवळी (स्टेशनच्या नावाच्या पाटीचा पिवळा), काटे काळे, सेकंद काटा हिरवा, कारण आपल्याकडे गाडी हिरव्या झेंड्यावर सुटते. गाइड म्हणाले, "छान दिसतंय. पण स्टेशनवरचं घड्याळ म्हणून हे वेगळं काय करतं?" मला उत्तर देता आलं नाही.

अडलंय ते असं. काट्यांचं ठेवावं की डिजिटल करावं? आकडे द्यायचेच तर देवनागरी द्यावेत का? पाट्या तीन भाषांत असतात, मग घड्याळाचं काय? आणि सेकंद काटा खरंच लागतो का, की तो नुसता शोभेला? रोज ये-जा करणाऱ्यांनी आणि घड्याळातलं कळणाऱ्यांनी दोघांनीही सांगा.

चिंचवड_अपडाऊन

डिजिटल. चर्चा संपली.

गंमत सोडा, पण तिकिटावर १८:१० छापलेलं असतं, अ‍ॅपवर १८:१०, अनाउन्समेंटमध्ये "अठरा वाजून दहा मिनिटं". मग घड्याळानेच सहा वाजून दहा का दाखवायचं? धावत जिना उतरताना बारा वजा करायला कोणाला वेळ आहे? लाल एलईडीचे मोठे आकडे लावा, लांबून दिसतात, रात्री दिसतात, विषय संपला. खरं तर खिशात मोबाईल असताना घड्याळ हवंच कशाला, हाही प्रश्न आहे, पण तुमचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून तो विचारत नाही.

बुधवारातला_घड्याळजी

चिंचवडकर, मोबाईलचा प्रश्न जरूर विचारा. एका हातात डबा, दुसऱ्या हाताने छत्री, आणि गाडी हलायला लागलीय. काढा बरं मोबाईल.

आता पेन्सिलताई, तुमच्याकडे वळतो. बुधवार पेठेत आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, वडिलांपासूनचं. त्यांच्या हाताखाली असताना पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतली घड्याळं सांभाळायची कामं असायची. एक मास्टर क्लॉक (वेळ पाठवणारं मुख्य घड्याळ) टाइम ऑफिसात आणि त्याच्या तारांवर लोंबकळणारी पन्नासेक स्लेव्ह घड्याळं शॉपफ्लोअरवर, कँटीनमध्ये, गेटवर. स्टेशनचं घड्याळ हे त्याच जातीचं. म्हणून पहिलं सांगतो: तुमच्या ड्रॉइंगमध्ये तबकडी आहे, काटे आहेत, खांब आहे, पण वेळ कुठून येणार ते कुठेच नाही. गाइडच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. घरातलं घड्याळ एकटं असतं, दोन मिनिटं पुढे असलं तरी घरच्यांना ते माहीत असतं. स्टेशनवर फलाट एक आणि फलाट दोनची घड्याळं एका मिनिटाने वेगळी दिसली, की माणूस दोन्हींवरचा विश्वास सोडून शेजारच्याला विचारतो, "किती वाजले हो?"

स्लेव्ह घड्याळात स्वतःचं डोकं नसतं. मास्टरकडून दर मिनिटाला २४ व्होल्टचा एक पल्स, म्हणजे विजेचा क्षणभराचा झटका, येतो, आणि मिनिट काटा एक घर पुढे उडी मारतो. पल्स आलटून पालटून येतो, एकदा सरळ, एकदा उलटा. उलट्यानंतर पुन्हा उलटा आला तर मूव्हमेंट (काटे फिरवणारी आतली यंत्रणा) हलत नाही. हे मुद्दाम, म्हणजे तारेत खरखर झाली तरी एका पल्सवर दोन घरं पुढे जात नाही. पण यात एक मेख आहे. घड्याळ लावताना वेळ बरोबर लावली आणि दोन तारा मात्र अदलाबदल झाल्या, तर पहिला पल्स वाया जातो आणि ते घड्याळ तिथून पुढे कायम एक मिनिट मागे चालतं. एका कारखान्यात कँटीनचं घड्याळ असं कित्येक महिने मागे होतं. सुट्टी संपल्याचं एक मिनिट उशिरा कळायचं, त्यामुळे तक्रार कोणीच केली नाही. आम्ही तारा बदलल्या त्या दिवशी आम्हाला चहा मिळाला नाही.

तुमच्या हिल्फिकरचं खरं डोकं तबकडीत नाही, सेकंद काट्यात आहे. तो काटा विजेच्या मेन्सवर फिरणाऱ्या सिंक्रोनस मोटरवर चालायचा. अशी मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीच्या तालावर चालते: ५० हर्ट्झ (सेकंदाला ५० आवर्तनं) असेल तर वेळ बरोबर, कमी झाली की घड्याळ मागे. आपल्याकडे नव्वदच्या दशकात फ्रिक्वेन्सी ४९ च्याही खाली जायची. दिवसभर ४९ राहिली तर २ टक्के, म्हणजे चोवीस तासांत जवळजवळ २९ मिनिटांचा घोटाळा! आणि हे फक्त आपलंच दुखणं नाही. २०१८ च्या सुरुवातीला सर्बिया आणि कोसोवोच्या वीजवादात युरोपच्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी घसरली आणि तिकडची ओव्हनवरची, रेडिओ-गजरांची घड्याळं सुमारे सहा मिनिटं मागे पडली.

हिल्फिकरने काय केलं, तर काटा मुद्दामच घाईत ठेवला. साठऐवजी साडेअठ्ठावन्न सेकंदांत फेरी पूर्ण, मग १२ वर येऊन उभा. मास्टरचा पल्स आला की मिनिट काटा उडी मारणार आणि सेकंद काटा पुन्हा निघणार. आता गणित करून बघा. फ्रिक्वेन्सी ४९ झाली तरी फेरीला ५९.७ सेकंद लागतात. तरीही वेळेच्या आत! चूक झाली तर ती त्या एका मिनिटातच मरते, पुढच्या मिनिटात जात नाही. तो क्षणभराचा थांबा लोकांना फार देखणा वाटतो, घड्याळांच्या जाहिरातींत तोच दाखवतात. मुळात तो वीज कंपनीवरचा अविश्वास आहे.

आज मास्टरला वेळ उपग्रहाकडून मिळते, स्टेशनवर जीपीएसची घड्याळं आता नवीन नाहीत. जीपीएसची स्वतःची वेळ सध्या जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढे आहे, कारण त्यात लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखायला जागतिक वेळेत अधूनमधून घातलेला जास्तीचा सेकंद) धरत नाहीत, पण रिसीव्हर ते वजा करून देतो. अँटेना मात्र उघड्या आकाशाखाली हवी. पत्र्याच्या शेडखाली ठेवली की रिसीव्हर आंधळा. ही अँटेना तुमच्या ड्रॉइंगमध्ये दाखवा, खांबाच्या डोक्यावर सरळ उभी. गाइड खूश होतील.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, जो कोणी विचारत नाही: वेळ येणं बंद झालं तर घड्याळाने काय करायचं? आतला क्वार्ट्झ क्रिस्टल त्याला काही दिवस सांभाळेल, साधा क्रिस्टल दिवसाला एखाद-दोन सेकंद इकडेतिकडे होतो. पण महिनाभर कोणी बघितलंच नाही तर? माझं मत ठाम आहे. ज्या घड्याळाला वेळेची खात्री नाही त्याने तसं दाखवलं पाहिजे. सेकंद काटा १२ वर उभा, तबकडीमागचा दिवा बंद. लांबून बघितलं की कळावं, हे आजारी आहे, दुसरीकडे बघा. बंद पडलेलं घड्याळ प्रामाणिक असतं असं लोक म्हणतात, ते खोटं आहे. सव्वादहाला बंद पडलेलं घड्याळ सव्वादहाच्या आसपास आलेल्या प्रत्येक माणसाला फसवतं. म्हणून सेकंद काटा शोभेला नाही. घड्याळ जिवंत आहे याचा तो पुरावा आहे. हिरवा करा, तांबडा करा, पण काढू नका.

आणि चिंचवडकर, याच कारणासाठी मला तुमचे लाल आकडे आवडत नाहीत. सात पट्ट्यांचा एक आकडा असतो. मधली पट्टी गेली की ८ चा ० होतो, वरची उजवी गेली की ८ चा ६. म्हणजे १८:०८ चे १८:०० झाले आणि घड्याळ मात्र लखलखतंय! काट्याचं घड्याळ बिघडलं तर ते बिघडल्यासारखं दिसण्याची शक्यता तरी आहे. १८ आणि ६ चा तुमचा मुद्दा मात्र खरा आहे, त्यावर पुढे बोलू.

आता तबकडी. ६० सेंटीमीटर ठीक. मिनिटांच्या रेघा मध्यापासून २८ सेंटीमीटरवर धरल्या तर एका मिनिटाला परिघावर जेमतेम ३ सेंटीमीटर येतात. चांगल्या डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा फरक कळतो, त्या हिशोबाने ६० मीटरवरून मिनिट ओळखू येईल, थोडी जागा राखून. आमचा ठोकताळा हाच, व्यासाच्या शंभरपट. पण एलएचबीचा (लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या नव्या प्रकारचा) एक डबा २४ मीटरच्या आसपास. बावीस डब्यांची गाडी लागते तो फलाट अर्ध्या किलोमीटरच्या वर जातो. तिथे एक घड्याळ लावून भागणार नाही, किती अंतरावर किती लावायची हेही तुमच्या डिझाइनचाच भाग आहे. लोकलचे फलाट आखूड, तिथे सोपं जाईल.

शेवटचं, आणि हे ड्रॉइंगवर दिसत नाही. घड्याळ वर टांगलेलं, माणूस खाली. काटा आणि तबकडी यांच्यात २ सेंटीमीटर अंतर ठेवलंत आणि माणूस ४५ अंशांतून वर बघतोय, तर काटा तबकडीवर २ सेंटीमीटर वर सरकलेला दिसतो. बाराला आणि सहाला फरक पडत नाही, कारण काटा उभा असतो. पण मिनिट काटा ३ वर असताना घड्याळ अर्ध्या मिनिटाहून जास्त मागे दिसतं, आणि ९ वर असताना तेवढंच पुढे! म्हणजे सव्वाला लोक रमतगमत येणार आणि पाऊणला उगाच पळणार. काटा तबकडीच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या, आणि काच सपाट ठेवा, फुगीर नको. काचेच्या आत पाखरं जाणार नाहीत हेही बघा. दिवा पांढरा असला की पावसाळ्याच्या सुरुवातीला अशी गर्दी होते की तबकडीचा खालचा भाग काळा पडतो.

सदाशिवातला_शंकेखोर

प्रमाण घड्याळाचा विषय निघालाच आहे तर थोडी भर. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर. त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची आणि मुंबईची स्वतःची वेळ त्याच्या अर्धा तास मागे असायची. मुंबईकरांनी आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. म्हणजे स्टेशनच्या आत एक वेळ आणि बाहेर दुसरी असण्याचं आपल्याला नवल नाही. आणि पुण्याचं म्हणाल तर आपण ७३.८५ अंशांवर, म्हणजे आपला खरा मध्यान्ह सरासरीने घड्याळाच्या बारापेक्षा साधारण ३५ मिनिटं उशिरा होतो. दुपारी एक ते चार झोपणाऱ्यांवर हसणाऱ्यांनी सूर्याचा हिशोब लावावा.

चिंचवड_अपडाऊन

शंकेखोर, तुमच्यासाठी वेगळा धागा काढू या का?

घड्याळजी, ८ चा ० होतो हे मान्य. आमच्या स्टेशनच्या इंडिकेटरवर डब्यांचे नंबर असेच अर्धवट दिसतात, लोक मग अंदाजाने उभे राहतात. सेकंद काट्याचंही मान्य. पण १८ चं काय?

पर्वती_पायथा

मला १८ पेक्षा ००:१० ची भीती जास्त. आमच्या नणंदेकडची मंडळी लग्नासाठी निघाली होती. तिकिटावर १२ तारीख, ००:१०. सगळे १२ तारखेला रात्री जेवूनखाऊन, बॅगा-बिगा घेऊन, पावणेबाराला स्टेशनवर हजर. फलाटावर घड्याळ होतं, अगदी बरोबर चालणारं. त्यांनी वेळ बघितली, पंचवीस मिनिटं आहेत म्हणून निवांत बसले. टीसीने तिकीट बघून सांगितलं, ही गाडी काल गेली. १२ तारखेची ००:१० म्हणजे ११ तारखेची रात्र! सासूबाई अजून म्हणतात की आमच्यासाठी तारीख सकाळी बदलते, रात्री नाही.

तर ताई, घड्याळाला तारीख लावा. काटे कुठलेही लावा, मला चालतील.

नळस्टॉप_पेन्सिल

एवढं येईल असं वाटलं नव्हतं. धन्यवाद सगळ्यांना, शंकेखोरांनाही (मध्यान्हाची गोष्ट प्रेझेंटेशनमध्ये टाकणार आहे).

तारखेची कल्पना लगेच घेते. तबकडीखाली एक छोटी आडवी पट्टी करते, तिच्यावर वार, तारीख आणि चोवीस तासांची वेळ. म्हणजे चिंचवडकरांचे १८ पण तिथे येतील. आणि पर्वतीकाकूंसाठी: रात्री दहानंतर पट्टीवर वेळेच्या जागी आळीपाळीने "१२ वाजल्यानंतर तारीख १३, शनिवार" असं दाखवायचं. बाकी दिवसभर गरज नाही.

आता आकड्यांचं राहिलं. देवनागरी की इंग्रजी? आणि घड्याळजी, "प्रामाणिकपणे आजारी" घड्याळात ही पट्टीही बंद करायची ना?

बुधवारातला_घड्याळजी

पट्टी आधी बंद. काटे नंतर. पट्टीतच खोटं बोलायची सोय जास्त आहे. आणि पट्टीला सात पट्ट्यांचे आकडे नकोत, ठिपक्यांची मॅट्रिक्स घ्या. एखादा ठिपका गेला तरी ८ चा ८ च राहतो, फक्त भोक पडलेला. दर मिनिटाला क्षणभर सगळे ठिपके पेटवून दाखवायची सोय ठेवा, म्हणजे मेलेले ठिपके देखभालीच्या माणसाला खालूनच दिसतील, शिडी लावायला नको.

तबकडीवर आकडे घालूच नका. संविधानाच्या ३४३ कलमात केंद्राच्या कामकाजासाठी आंतरराष्ट्रीय रूपातले आकडे सांगितलेत, त्यामुळे सरकारी बाजूने देवनागरी आकड्यांवर वाद निघणार. आणि इंग्रजी आकडे घातलेत तर इथले लोक वाद काढणार. हिल्फिकरच्या तबकडीला भाषाच नाही, रेघ म्हणजे रेघ. तीन भाषांच्या फलाटावर याच्याइतकं सोयीचं काय आहे? वार मात्र देवनागरीत लिहा. तो मराठीत आणि हिंदीत जवळपास एकच, इंग्रजीसाठी आळीपाळीने बदलता येईल.

पिवळी कड बारीक करा. लांबून बघताना पिवळा आणि पांढरा एकमेकांत मिसळतात आणि तबकडी उगाच मोठी वाटते, काटे छोटे. तासांच्या बारा रेघा जाड, मिनिटांच्या बारीक, आणि मिनिट काट्याचं टोक मिनिटांच्या रेघांना जाऊन भिडलं पाहिजे. आत्ता तुमचं टोक मध्येच संपतंय असं वर्णनावरून वाटतं. तास काटा आखूड आणि चांगला दीडपट जाड. दोन्ही काट्यांना मागे शेपूट द्या, तोल साधतो, मोटरवर भार कमी पडतो. पण शेपूट इतकं लांब नको की लांबून त्यालाच टोक समजतील.

चाचणी अशी करा. ६० सेंटीमीटरची तबकडी कागदावर छापून सोसायटीच्या गेटवर डोक्याच्या वर लावा, ६० मीटर मोजून मागे जा, आणि चष्मा लागतो पण घालत नाही अशा एखाद्या काकांना वेळ विचारा. दहा वाजून दहा मिनिटांवर काटे ठेवून चाचणी करू नका. डिझाइनवाले सगळे तेच काढतात, कारण तिथे दोन काटे छान फाकलेले असतात आणि कुठलीही तबकडी वाचता येते. सहा वाजून तेहेतीस मिनिटांवर ठेवा, एक काटा दुसऱ्याखाली लपतो. तिथे वाचता आली तर तबकडी पास.

स्लेव्ह मूव्हमेंट हातात घेऊन बघायची असेल तर दुकानात एक जुनी पडून आहे. २४ व्होल्ट द्यायचे, तारा उलटसुलट करायच्या, दर वेळी एक घर पुढे जाते. सोमवारी दुकान बंद असतं.